तहहयात

नववीत माझी शाळा सुटली, पण अक्षर सुटलं नाही. आईच्या आजारपणात विट्याच्या घरी बसून मी गल्लीतल्या लोकांचे अर्ज, लग्नाच्या याद्या, मुंबईला गेलेल्या मुलांना पत्रं लिहून द्यायचे, आणि लोक म्हणायचे, पोरीचं डोकं बेताचंच असेल, पण हात हुशार आहे. आई गेल्यावर मामांनी मला बर्मिंगहॅमला आणलं. कोणते कागद केले, कुणाला किती वेळा भेटले, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायचा धीर झाला नाही. एवढंच कळत होतं की दर वर्षी एकदा मामांच्या सहीचं पत्र इमिग्रेशनला जायचं: ही माझी भाची, माझ्या घरी राहते, हिची जबाबदारी माझी. माझं पुढचं वर्ष त्या सहीवर होतं. पासपोर्ट आणि जुन्या पत्रांच्या प्रती बैठकीच्या खोलीत, साइडबोर्डच्या खणात, तपकिरी पाकिटात असायच्या. खणाला कुलूप नव्हतं, तरी मी तो कधी उघडला नाही. धूळ पुसताना त्याची मूठ मात्र बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ पुसायचे.

मामांच्या घराला सकाळी आधी पाइपांतून जाग यायची. बॉयलर सुरू झाला की भिंतीतून कुणीतरी ठोकल्यासारखा आवाज यायचा, आणि पहिल्या थंडीत मला वाटायचं, शेजारचे तक्रार करताहेत, आपल्यामुळेच. मग मामींच्या बांगड्या, मग किटली, मग जिन्यावर मामांचे बूट. मामा मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर होते, पण घरी आले की मळ्यातून आलेल्या माणसासारखे पाय धुऊन मगच स्वयंपाकघरात यायचे आणि उभ्यानंच विचारायचे, "आज काय?" ज्वारीचं पीठ तेव्हा मिळायचं नाही, म्हणून मामी तांदळाच्या पिठाची भाकरी थापायच्या आणि ती चिरली की विलायतेला शिव्या द्यायच्या. कांदा-लसूण मसाला सुटकेसमधून यायचा, आणि तो आला की महिनाभर आमच्या स्वेटरांना त्याचा वास. मला पहिला कोट मामांनी घेतला, स्वतः बटणं लावून बघितली. पहिल्या डिसेंबरात मला ताप भरला तेव्हा हॉस्पिटलात दिवसभर दुसऱ्यांचे ताप बघून आलेला हा माणूस माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसला होता. हे सगळं आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ते वाईट दिसतील, आणि ते वाईट नव्हते.

माझं उपकार मानणं आणि माझी भीती ही एकाच पातेल्यात शिजायची. प्रत्येक गोष्टीआधी मी विचारायचे, "चालेल ना?" खिडकी उघडली, चालेल ना? दुसरी पोळी घेतली, चालेल ना? मामा माझी नक्कल करायचे, "मामी, मी श्वास घेते, चालेल ना?" आणि आम्ही तिघंही हसायचो. ती सवय अजून गेलेली नाही. परवा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मी माझ्याच घरात विचारलं, मी इथे उभी राहिले तर चालेल ना.

मंडळाचे अध्यक्ष मामाच. मंडळ म्हणजे तेव्हा साठ-सत्तर घरं, गणपती, दिवाळीचं एक नाटक आणि मामांची फोनची वही. कोण आलं, कोण गेलं, हॉल कुठला, स्वयंपाकाला कोण, सगळं त्या वहीत आणि मामांच्या डोक्यात. ते नीट चालायचं. पण ज्या शाळेचा हॉल आम्हाला हवा होता त्यांनी सांगितलं, तुमच्या संस्थेची लेखी घटना आणा, त्याशिवाय हॉल नाही. आमच्याकडे अशी काही घटना असावी हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तेव्हा मुळे सर म्हणाले, "मी लिहून देतो."

मुळे सर एका कॉलेजात इंग्रज मुलांना अमेरिकेची राज्यव्यवस्था शिकवायचे. स्वतःच म्हणायचे, "नगर जिल्ह्यातला माणूस बर्मिंगहॅममध्ये बसून अमेरिका शिकवतो. पोटाला भूगोल लागत नाही." बायको गेलेली, मुलगा लांब. घर पुस्तकांनी भरलेलं आणि पुस्तकांवर टोस्टचे कण. शाळेपुरती इंग्रजी प्रत सर टाइप करणार होते, पण सभासदांना मराठी हवी होती, आणि शहरात आमच्या माहितीत देवनागरी टाइपरायटर नव्हता, म्हणून सर मसुदा सांगणार, मी काळ्या शाईनं स्वच्छ प्रत करणार, आणि कॉलेजच्या मशीनवर तिच्या झेरॉक्स निघणार, असं ठरलं. शनिवारी दुपारी मामा मला गाडीनं सरांच्या दारात सोडायचे.

मला न समजलेलं वाक्य लिहिताना माझं अक्षर बिघडतं. आजही बिघडतं. सरांच्या हे दुसऱ्याच शनिवारी लक्षात आलं. चष्मा वर करून त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "इथे 'ळ' वाकडा झाला, म्हणजे कलम चार तुला कळलं नाही." तेव्हापासून ते आधी समजावायचे आणि मग सांगायचे. असं करता करता मी, नववीत शाळा सुटलेली मुलगी, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या माणसांचं भांडण शिकले. एका उकडत्या उन्हाळ्यात खिडक्या बंद करून ती माणसं बसली होती म्हणे. राजा नुकताच झुगारलेला, आणि आता प्रश्न असा की राजा नको, पण राज्य तर पाहिजे. ते कुणाच्या नावानं चालवायचं? देवाच्या नाही, घराण्याच्या नाही. लोकांच्या. माणसाचे काही हक्क सरकारनं दिलेले नसतात, ते माणसाबरोबरच जन्मतात, सरकार फक्त राखणदार. आणि राखणदार चोर निघाला तर त्याला बदलायचा अधिकार घरमालकाचा. हे एका इंग्रज विचारवंताचं, सर सांगायचे. मग एका फ्रेंच माणसानं सांगितलं की कायदा करणारा, तो चालवणारा आणि त्याप्रमाणे निवाडा देणारा, असे हात वेगळे ठेवा, नाहीतर कुणीच सुरक्षित नाही. अमेरिकेनं त्याच्या पुढे जाऊन हे हात एकमेकांत अडकवले. एकानं ओढलं की दुसऱ्याला कळलं पाहिजे.

मला ते पटायचं नाही. एकदा मी म्हणाले, "सर, असं घर चालेल का? आमच्याकडे सगळं मामांच्या मर्जीनं चालतं, आणि चांगलं चालतं."

"चांगलं चालतं, कारण मामा चांगले आहेत," सर म्हणाले. "घटना चांगल्या माणसासाठी लिहीत नाहीत सुमन. चांगला माणूस थकतो, चिडतो, म्हातारा होतो. त्या दिवसासाठी लिहितात."

"मग त्या लोकांनी सगळ्यांना सारखं लेखलं?"

सरांनी सांगितलं की त्याच खोलीत बसलेल्या कितीतरी जणांकडे गुलाम होते, आणि माणसं मोजताना पाच गुलामांची तीन माणसं धरायची असं त्याच कागदात घातलं होतं. बायकांचा तर विचारही नाही. मला इतका राग आला की मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मग कशाला उतरवायचं असलं? आपल्या देशाची घटना घेऊ या ना. सर म्हणाले, "आपली मोठी आहे गं, सभासद वाचायचे नाहीत. आणि यांच्या कागदात एक खिडकी ठेवलेली होती. दुरुस्तीची. पुढच्यांनी भांडून, रक्त सांडून त्या खिडकीतून आत येऊन कागद सुधारला. ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांनीच. कागद लिहिणाऱ्यापेक्षा शहाणा निघू शकतो, ते यातून शिकायचं." मग उठून माझ्यासाठी चहा टाकला, आणि टोस्टवर लसणाची चटणी.

तर आमच्या मंडळाच्या घटनेत सरांनी अमेरिका कोंबून भरली. कार्यकारिणी वेगळी, अध्यक्ष वेगळे, आणि तिसरी, वाद मिटवायला, निवाडा समिती. तीन सभासद. अध्यक्षांनी नेमायचे, सभेनं मान्यता द्यायची. कुणाही सभासदाला काढायचं तर आधी त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि निवाडा समितीचा शब्द शेवटचा. समितीतली मतं सारखी पडली तर अध्यक्षांचा निर्णय कायम. आणि मग ते वाक्य, जे मी सरळ 'ळ' काढून लिहिलं: निवाडा समितीवरील नेमणूक तहहयात राहील. म्हणजे नेमणाऱ्याचा राग झाला म्हणून काढता येऊ नये. तिकडे न्यायाधीशांना तसंच ठेवतात.

सभेत हे कलम वाचल्यावर हॉल हसून हसून लोळला. गणपती मंडळाला तहहयात न्यायाधीश! कुणीतरी म्हणालं, "पेन्शन पण द्या." समितीवर कुणी यायला तयार नव्हतं, कारण भांडणात पडून वाईट कुणाला व्हायचंय. सर स्वतः तयार झाले. दुसरे आप्पा, सगळ्यांत वयस्कर, सभेत झोपणारे. तिसरं नाव मामांनी घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "आमची भाची. अक्षर मोत्यासारखं आणि उलट बोलत नाही." टाळ्या पडल्या. मी अठराची होते. सरांकडे बघितलं तर तेही टाळ्या वाजवत होते.

त्या वर्षीच्या गणपतीला महाप्रसाद दीडशे माणसांचा. आम्ही आठजणी सकाळपासून शाळेच्या स्वयंपाकघरात. मसालेभात, बटाट्याची भाजी, पालकाचं फदफदं, कारण अळू मिळालं नव्हतं. नलिनीताई ड्यूटी संपवून तशाच आल्या होत्या, युनिफॉर्मवर मामींचा एप्रन बांधून. त्या नर्स होत्या, एकट्या राहायच्या, मोठ्यानं हसायच्या. पहिली पंगत पुरुषांची आणि पाहुण्यांची, दुसरी मुलांची आणि राहिलेल्यांची, आणि शेवटी आम्ही. आम्ही बसलो तेव्हा मसालेभात संपला होता. मी पातेल्याच्या बुडाची खरपुडी काढली, आठ वाटे केले, त्यावर ताक. नलिनीताई म्हणाल्या, "बायांनो, देवाला नैवेद्य मिळाला, आपल्याला पातेलं मिळालं." सगळ्या हसल्या. मीही. खरपुडी छान लागते, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या महिन्याच्या वार्तापत्रात नलिनीताईंनी अर्ध्या पानाचा मजकूर दिला. वार्तापत्र म्हणजे माझ्या अक्षरातली चार झेरॉक्स पानं. मजकूर असा: येत्या वर्षी पहिली पंगत रांधणाऱ्यांची असावी, आणि रांधणाऱ्यांपैकी एकही बाई कार्यकारिणीवर का नाही, याचं उत्तर अध्यक्षांनी द्यावं. मी तो उतरवला. उतरवताना एकही 'ळ' वाकडा झाला नाही.

मामांनी तो नाश्त्याच्या टेबलावर वाचला. चहा तसाच राहिला. "मी कुणाला अडवलं? मी कधी म्हटलं, बायकांनी येऊ नका?" ते मामींना विचारत होते आणि मामी पोह्यांवर खोबरं पेरत होत्या. ते खरंच दुखावले होते. वीस वर्षं स्वतःच्या सुट्ट्या मंडळात घातलेला माणूस, आणि उत्तर द्यावं म्हणे, छापून. त्या दुपारी त्यांनी मला पॅड घेऊन बोलावलं आणि उभ्यानं पत्र सांगितलं. मंडळाची बदनामी केल्याबद्दल आपले सभासदत्व आजपासून रद्द करण्यात येत आहे. मी लिहिता लिहिता थांबले.

"मामा, सरांच्या कागदात..."

"काय?"

"काही नाही."

आणि मी पत्र पूर्ण केलं. घटना, नलिनीताईंचा मजकूर आणि त्यांना काढल्याचं पत्र, तिन्ही कागद माझ्याच अक्षरात. आज इतक्या वर्षांनी त्या वर्षातली कुठली गोष्ट सर्वांत जास्त बोचते म्हणाल, तर ते "काही नाही".

नलिनीताईंनी निवाडा समितीकडे अर्ज केला. हॉलमध्ये ज्याला हसले होते ते कलम आता सगळ्यांनी काढून वाचलं. सरांचं मत उघड होतं: ऐकून न घेता काढता येत नाही. आप्पांचंही उघड होतं: "अध्यक्षाच्या शब्दाला मान नाही राहिला तर मंडळ कसलं?" राहिले मी. आणि नेमकं त्याच पंधरवड्यात माझं वर्षाचं पत्र जायचं होतं. मामांनी ते टाइप करून आणलं होतं आणि टेबलावरच्या फळांच्या टोपलीखाली ठेवलं होतं, सही न करता. "बघू रविवारनंतर," म्हणाले. रविवारी सुनावणी होती. मामांनी धमकी दिली असं मी कधीच म्हणणार नाही. ते फक्त 'रविवारनंतर' म्हणाले. मी रोज टेबल पुसताना टोपली उचलायचे, खालचा कागद बघायचे आणि टोपली पुन्हा होती तशी ठेवायचे.

मामी बोलल्या. पोळ्या लाटत, माझ्याकडे न बघता. "तुला कुणी विचारलं तर सांग, मला यातलं कळत नाही. खोटं थोडंच आहे? नववी शिकलेली तू. आणि एक लक्षात ठेव सुमे, त्या नलिनीला स्वतःची नोकरी आहे, स्वतःचं घर आहे. तिचं काय जातंय."

मामींचं बरोबर होतं. माझंच जाणार होतं. विट्याच्या घरी आता काका राहत होते, तिथे माझं काही नव्हतं. पत्र गेलं नाही तर मी कुठे जाणार, याचा विचार मी कपडे वाळत घालताना करायचे आणि चिमटे हातातून पडायचे.

शनिवारी मी सरांकडे गेले आणि दारातच म्हणाले, "सर, मला समितीतून काढा."

"कोण काढणार? तहहयात आहेस."

"मग मी मत देत नाही."

"मग एकास एक. म्हणजे मामांचा निर्णय कायम. तेही मतच झालं ना." असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला रडू आलं. म्हणाले, "अगं, तुला वाटतं ते सांग फक्त. कुणाची भीती आहे?"

"सर, माझी भाकरी त्यांच्या घरात आहे. माझी सही त्यांच्या हातात आहे."

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ ते काच पुसत होते, आणि ती स्वच्छच होती. मग म्हणाले, "तिकडच्या लोकांनी एवढंसं कलम घातलं होतं. न्यायाधीश पदावर असेपर्यंत त्याचा पगार कमी करता येणार नाही. मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवतो ते. ज्याच्या हातात माणसाची भाकरी, त्याच्या हातात माणसाची जीभ. आणि तुला त्या खुर्चीवर बसवताना मी टाळ्या वाजवल्या." ते उठले, पण चहा टाकला नाही. "चूक माझी आहे सुमन. तू गप्प बसलीस तर मी तुला काही म्हणणार नाही. आयुष्यात कधी नाही."

त्यांनी मोकळं केल्यावर मला जास्तच अडकल्यासारखं झालं.

घरी आले तर टोपलीखाली पत्र नव्हतं. मी टोपली दोनदा उचलली. संत्री खाली घरंगळली. मामी म्हणाल्या, "काय शोधतेस?" मी म्हटलं, काही नाही.

सुनावणी शाळेच्या एका वर्गात झाली, दुपारी. लहान मुलांच्या खुर्च्या, त्यांत आम्ही गुडघे छातीशी घेऊन बसलेलो. भिंतीवर रंगीत कागदांची फुलपाखरं. आप्पा झोपले नव्हते. नलिनीताईंनी सरळ सांगितलं, "मी नर्स आहे. वॉर्डात माझ्या हातून काही चुकलं तर पहिल्यांदा मला बोलावून विचारतात, काय झालं. इथे मी फक्त भात विचारला, तर थेट पत्र."

मामा म्हणाले, "मंडळ म्हणजे घर आहे. घरातलं भांडण कुणी छापतं का?"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घटनेची प्रत मांडीवर घेतली होती, माझ्याच अक्षरातली. मी म्हणाले, "अध्यक्ष," आणि मामांनी मान वर केली, कारण मी त्यांना जन्मात मामाशिवाय कुठल्या नावानं हाक मारली नव्हती. "पत्र पाठवण्याआधी तुम्ही नलिनीताईंना बोलावून विचारलं होतं का?"

"विचारायचं काय त्यात? छापलेलं होतं."

"म्हणजे नाही."

"नाही," मामा म्हणाले.

मी कागदावर लिहिलं. पंगत कुणाची आधी, हे ठरवायचं काम या समितीचं नाही. सभासदाला काढण्याआधी त्याचं ऐकलं पाहिजे असं आपण सर्वांनी मान्य केलं होतं, आणि ते झालं नाही. म्हणून पत्र रद्द. सही केली, तर माझं नाव दुसऱ्याच कुणाच्या अक्षरातलं दिसत होतं. सरांनी त्याखाली सही केली. आप्पांनी आपलं विरुद्ध मत लिहून घ्यायला सांगितलं, आणि तेही मलाच उतरवावं लागलं.

बाहेर भुरभुर पाऊस होता. मामी गाडीत पुढे बसल्या. मामांनी इंजिन सुरू केलं. मी फुटपाथवर उभी. मागचं दार उघडायचं की नाही, हे मला खरंच कळत नव्हतं. हाताशी असलेल्या दाराची मूठ मी बघत राहिले. मामांनी काच खाली केली, समोर बघतच म्हणाले, "बस. भिजशील." मी बसले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. कुणी रागावलं नाही. मामी ताट वाढायच्या, पण "आणखी?" विचारायच्या नाहीत. मामांनी माझी नक्कल करणं सोडलं, आणि ती नक्कल म्हणजे किती मोठी माया होती ते तेव्हा कळलं. पत्राचं काय झालं, हे विचारायला तोंड नव्हतं. मग एका सकाळी पोस्टातून जाड पाकीट आलं. मामांनी ते उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि हॉस्पिटलला गेले. आत पासपोर्ट, त्यावर वर्षाचा शिक्का, आणि मामांच्या पत्राची प्रत.

पत्रावर मामांची सही होती, आणि सहीखाली त्यांच्या सवयीप्रमाणे तारीख. शनिवारची. सुनावणीच्या आदल्या दिवसाची. पण इमिग्रेशनला पत्र मिळाल्याची जी नोंद कोपऱ्यात होती, ती सुनावणीनंतर दहा-अकरा दिवसांची.

म्हणजे मामांनी माझं मत ऐकण्याआधीच सही केली होती. आणि सही केलेलं पत्र ते आठवडाभर तरी कोटाच्या खिशात घेऊन हिंडत असणार. का? मला मोकळं करायला आधी सही केली, आणि सांगितलं नाही, कारण सांगणं म्हणजे पण दडपण? की सही आधीच झालेली होती, आणि नंतर रागानं पत्र फाडायचं की पोस्टात टाकायचं हे ठरेना? मी कधी विचारलं नाही. मामा पुढे खूप जगले, माझं लग्न त्यांनी लावून दिलं, शेवटच्या दिवसांत मी त्यांना पेज भरवली, तेव्हाही विचारलं नाही. काही दिवस पहिलं खरं वाटतं, काही दिवस दुसरं. मामा चांगले होते म्हणून ते पत्र पोस्टात पडलं, हे मात्र नक्की. आणि त्यांच्या चांगुलपणावर मी अकरा दिवस लटकत होते, हेही तितकंच नक्की. सर म्हणाले होते, घटना त्या दिवसांसाठी लिहितात. पण आमच्या घटनेत त्या दिवसांसाठी काही लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या गणपतीला पंगतीचा प्रश्नच उरला नाही, बुफे आला. नलिनीताई रांगेत सगळ्यांत पुढे उभ्या राहिल्या, पेपर प्लेट हातात घेऊन, आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मारला. मामांनी अध्यक्षपद सोडलं. घटना कपाटात गेली आणि लोक तिला विसरले.

गेल्या रविवारी मंडळाचा नवा सेक्रेटरी, अनिकेत, माझ्याकडे आला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, गोड मुलगा. "काकू, चॅरिटीच्या रुल्ससाठी आम्ही कॉन्स्टिट्यूशन अपडेट करतोय. त्यात एक भारी गोष्ट सापडली. कागदावर तुम्ही अजून निवाडा समितीवर आहात! तुम्ही एकट्याच उरलात." तो खूप हसला. मीही हसले. आप्पा गेले, सर गेले. ज्या कलमाला हॉल हसला होता त्या कलमानं मला इथवर आणून ठेवलं होतं. त्यानं राजीनाम्याचा छापलेला कागद पुढे केला. "फक्त साइन हवी. फॉर्मॅलिटी."

मी चष्मा लावला. "नव्या समितीत कोण?"

"मी आणि अजून दोघं. प्रेसिडेंट दर वर्षी अपॉइंट करणार."

"तू नोकरीला कुठे?"

"प्रेसिडेंटच्याच कंपनीत, काकू. माझा व्हिसा तिथूनच स्पॉन्सर आहे ना." म्हणाला, आणि चहाचा कप हातात तसाच राहिला.

मी त्याला त्या वर्षाची गोष्ट सांगितली नाही. ती मोठी आहे, आणि त्याला घाई होती. कागदाची घडी करून त्याच्या हातात दिली. म्हटलं, "आधी तेवढं बदलून आण. समितीवरच्या माणसाची भाकरी अध्यक्षाच्या हातात नको. नीट लिहून आणलंस की मी सही करते. तोवर मी आहे."

"काकू, पण मी त्यांना काय सांगू?"

"सांग, म्हातारी तहहयात आहे म्हणते. आणि तब्येत ठीक आहे."

डब्यात चिवडा भरून दिला, तो गेला. दार लावलं. खुर्चीत बसल्यावर मग लक्षात आलं, त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं, चालेल ना.